आठ हजार वेढ्यांचं मोल

बोटाच्या पेराएवढी काळी पट्टी आणि तिच्यावर सोनेरी अक्षरांत तीन शब्द : ‘पेटंट अप्लाइड फॉर’. ही पट्टी पाठीवर मिरवणारा गिब्सन कंपनीचा गिटार-पिकअप आज हजारो डॉलरला विकला जातो. नुसता पिकअप, गिटार नव्हे! १९५९ साली असे दोन पिकअप बसवलेली अख्खी लेस पॉल स्टँडर्ड गिटार २६५ डॉलरला मिळत होती. १९५८ ते १९६० या तीन वर्षांत अशा जेमतेम दीड हजार गिटारी बनल्या आणि खप होईना म्हणून कंपनीनं तो आकारच बदलून टाकला. आज त्यांची किंमत लाखो डॉलरमध्ये मोजतात आणि त्या किमतीतला मोठा वाटा त्या दोन पिकअपचा असतो. पट्टीवरच्या शब्दांच्या आद्याक्षरांवरून जगभरचे वादक त्यांना ‘पीएएफ’ म्हणतात.

जुन्या पिकअपच्या या दुनियेत शिरलं की एक गोष्ट पावलोपावली भेटते. कारखान्याला जे असमान, कामचलाऊ किंवा चक्क चुकलेलं वाटत होतं, नेमकं त्यासाठीच आज माणसं खिसा रिकामा करतात. मला यात वेडेपणा वाटत नाही. कान लावून ऐकलं तर त्या असमानपणात खरोखर काहीतरी आहे.

आत असतं तरी काय?

तालुक्याच्या गावी शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करून देणारं दुकान ज्यानं पाहिलंय, त्याला पिकअप अर्धा समजलाच. लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे वेढे, एवढाच सगळा मामला. फक्त इथली तार फार बारीक. बहुतेक जुन्या पिकअपमध्ये ४२ गेजची तार असते, म्हणजे सुमारे ०.०६३ मिलिमीटर जाडीची. फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या एका पिकअपमध्ये तिचे आठ हजारांच्या आसपास वेढे असतात. ती उलगडली तर एक किलोमीटरभर लांब भरेल!

वर पोलादी तार थरथरली की खालचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि कॉइलमध्ये किंचितशी वीज निर्माण होते. मायकेल फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेलं हे तत्त्व गिटारमध्ये शिरायला बरोबर शंभर वर्षं लागली. नायलॉनच्या तारा लावलेली गिटार या पिकअपपुढे मुकीच राहते, कारण नायलॉनला चुंबकाशी काही देणंघेणं नसतं.

पेटंट कचेरीत मैफल

१९३१ मध्ये लॉस एंजेलिसच्या जॉर्ज बोशांनं पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार तयार करवून घेतली. ही मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन पद्धतीची गिटार होती. आकार गोल आणि दांडा लांब, म्हणून नाव पडलं ‘फ्राइंग पॅन’. तिच्या पिकअपमध्ये घोड्याच्या नालासारखे दोन चुंबक समोरासमोर ठेवलेले आणि तारा त्या नालांच्या मधून जायच्या. ॲडॉल्फ रिकेनबॅकरच्या साथीनं १९३२ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. पेटंटचा अर्ज १९३४ मध्ये केला, ते मिळालं ऑगस्ट १९३७ मध्ये. ही वस्तू खरंच वाद्य म्हणून चालते का, अशी शंका पेटंट कचेरीला होती. तेव्हा कंपनीनं सोल होओपी आणि आणखी काही वादकांना थेट वॉशिंग्टनला धाडलं आणि परीक्षकांपुढे वाजवायला लावलं. पेटंटसाठी झालेली एवढी सुरेल साक्ष दुसरी क्वचितच सापडेल.

या नालाच्या पिकअपचं वय ओळखायला फूटपट्टी पुरते. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या नालांची रुंदी दीड इंच, नंतरच्यांची सव्वा इंच. पाव इंचाच्या फरकावर भाव फिरतो. दीड इंचवाल्यांचा आवाज भरदार म्हणून लॅप स्टील, म्हणजे मांडीवरची गिटार, वाजवणारे आजही तेच शोधत असतात.

हवाईयन गिटारशी आपलीही जुनी ओळख आहे. व्हॅन शिपले यांनी हिंदी चित्रपटगीतांच्या धून इलेक्ट्रिक हवाईयन गिटारवर वाजवून काढलेल्या ध्वनिमुद्रिका अनेक मराठी घरांत वाजल्या आहेत. पोलादी तारेवरून सरकणाऱ्या त्या मींडेला विजेचा आवाज मिळाला, त्याचं मूळ बोशांच्या त्या दोन नालांत आहे.

हमरस्ता सोडून हमबकर

एका कॉइलच्या पिकअपला एक खोड असते. तो गिटारच्या तारेबरोबर आसपासच्या विजेच्या तारांचंही ऐकतो आणि स्पीकरमधून ‘घूं’ असा आवाज सतत येत राहतो. गंमत म्हणजे हा ‘घूं’ देशागणिक वेगळ्या सुरात असतो. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणून तो पाश्चात्त्य ‘जी’ स्वराच्या अगदी जवळ लागतो. अमेरिकेत ६० हर्ट्झ, म्हणून तिथं तो ‘बी फ्लॅट’ आणि ‘बी’ यांच्या मधे कुठेतरी लटकतो.

गिब्सनच्या कलमाझू इथल्या कारखान्यातला अभियंता सेथ लव्हर यानं १९५५ मध्ये यावर उपाय काढला. दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवायच्या, एकीचे वेढे उलट दिशेनं आणि चुंबकाचा ध्रुवही उलटा. तारेचा आवाज दोघींत मिळून वाढतो, बाहेरचा ‘घूं’ मात्र एकमेकींना खोडून काढतो. ही युक्ती ॲम्प्लिफायरमधल्या चोक-कॉइलमध्ये आधीपासून होती, लव्हरनं ती गिटारमध्ये आणली आणि अशा पिकअपला ‘हमबकर’ नाव पडलं. जून १९५५ मध्ये अर्ज गेला आणि पेटंट हाती पडलं जुलै १९५९ मध्ये. मधल्या काळात लावलेली ती काळी पट्टी.

पिकअपच्या एका बाजूला दिसणारे सहा स्क्रू लव्हरला मुळात नकोच होते. विक्री विभागाला दुकानदारांशी बोलायला काहीतरी मुद्दा हवा होता, म्हणून फिरवता येतील असे स्क्रू टाकले गेले, असं लव्हरनंच पुढे सांगितलं. वरच्या झाकणाचा धातूही बघण्यासारखा आहे. तो जर्मन सिल्व्हर, आपल्या घरोघरी ताटवाट्यांत वापरला गेलेला. चांदीचा त्यात कण नसतो. तांबं, निकेल आणि जस्त. लव्हरला तो आवडला कारण तो चुंबकाला ओढला जात नाही, वरच्या पट्टीचे सूर फारसे गिळत नाही आणि त्याला सोल्डर सहज धरतं.

चुकीचा नंबर, खरा पिकअप

१९६२ च्या सुमारास गिब्सननं पट्टी बदलली आणि तिच्यावर पेटंटचा नंबर छापला : २,७३७,८४२. कुणी उत्सुकतेपोटी हे पेटंट काढून पाहिलं तर त्यात पिकअपचा पत्ताच नाही! ते निघतं लेस पॉल यांच्या नावावरचं, गिटारच्या तारा अडकवायच्या टेलपीसचं. लव्हरच्या पिकअपचा खरा नंबर २,८९६,४९१. नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी कंपनीनं मुद्दाम चुकीचा नंबर दिला, असं अनेकजण मानतात.

खरेदी करणाऱ्यानं इथं कान टवकारावेत. ‘पेटंट नंबर’ पट्टीचे सुरुवातीचे पिकअप आणि शेवटचे पीएएफ आतून एकसारखेच असतात. तीच तार, तेच चुंबक, तेच कारागीर. बदलली ती फक्त पट्टी. तरीही पीएएफ बराच महाग आणि नंबरवाला स्वस्त. वाजवण्यासाठी घेणार असाल तर मी बिनदिक्कत नंबरवाला घ्या म्हणेन. फरकाच्या पैशात चांगला ॲम्प्लिफायर येईल.

सोनेरी मुलाम्याच्या पिकअपची आणखी वेगळी तऱ्हा. ते महागड्या गिटारींवर जायचे आणि म्हणून हळूहळू संपायचे. त्यामुळे जुनी पट्टी लावलेले सोनेरी पीएएफ पार १९६५ पर्यंतच्या गिटारींतही सापडतात.

रंग संपला आणि भाव वाढला

तार ज्यावर गुंडाळतात ती बॉबिन प्लॅस्टिकची, काळ्या रंगाची. १९५९ मध्ये पुरवठादाराकडचा काळा रंग कमी पडला आणि बॉबिना रंगाशिवायच आल्या, मूळच्या साय-पिवळ्या रंगात. कारखान्यानं काही मनावर घेतलं नाही. शेवटी वर धातूचं झाकण बसणार, आत कोण बघतंय? मग कधी दोन्ही काळ्या, कधी दोन्ही पिवळ्या, कधी एक काळी एक पिवळी, जे हाताला लागेल ते बसलं.

साठच्या दशकात वादकांनी आवाज आणखी मोकळा व्हावा म्हणून झाकणं उचकटायला सुरुवात केली आणि हे रंग पहिल्यांदा उजेडात आले. मिश्र रंगाच्या पिकअपला ‘झीब्रा’ नाव पडलं, दोन्ही पिवळ्यांना ‘डबल व्हाइट’. आवाजात रंगामुळे तसूभर फरक पडत नाही. तरीही डबल व्हाइटचा भाव सगळ्यांत चढा. पुढे डिमार्झिओ कंपनीनं अमेरिकेत या दोन पिवळ्या कॉइलच्या रूपाचा ट्रेडमार्कच घेऊन टाकला. तिथले इतर कारागीर हवं तर काळा पिकअप विकतात, एक काळी एक पिवळीही चालते, पण दोन्ही पिवळ्या उघड्यावर विकायच्या म्हटल्या की अडतात. रंग संपल्यामुळे झालेल्या एका तडजोडीला कायद्याचं कुंपण पडलं!

झाकण न काढता आतला रंग कसा कळणार? तळाशी बॉबिना धरून ठेवणारे चार छोटे स्क्रू असतात. त्यातला एक अलगद काढून भोकातून बॅटरीचा झोत टाकला तर प्लॅस्टिकचा रंग दिसतो. झाकण उचकटलं तर मात्र नुकसान पक्कं. कारखान्यातलं मूळ सोल्डर शाबूत असलेल्या पिकअपला जाणकार जास्त पैसे देतात, कारण आत कुणाचा हात गेलेला नाही याचा तो सर्वांत चांगला पुरावा असतो.

नाकानं ओळखा

त्या बॉबिनांचं प्लॅस्टिक ब्युटिरेट जातीचं. जुनं झालं की त्यातून ब्युटिरिक आम्ल किंचित सुटतं. खवट लोण्याला जो आंबूस दर्प येतो तो याच आम्लाचा. जुन्या अमेरिकन स्क्रूड्रायव्हरच्या पारदर्शक मुठींनाही हाच वास येतो, कारण त्याही बऱ्याचदा याच प्लॅस्टिकच्या असत. पिकअप मुठीत धरून जरा उबदार केला आणि नाकाशी नेला की पारखी माणूस मान डोलावतो. एवढ्यावर सौदा करू नये, पण गुळगुळीत नव्या प्लॅस्टिकच्या नकलीला हा दर्प आणणं अवघड.

पट्टीवर विश्वास नको

नकली काळ्या पट्ट्या सर्रास विकत मिळतात. कुणी खऱ्या पट्ट्या सोलून स्वस्त पिकअपवर चिकटवतो, कुणी नव्या झाकणाला आम्लाची वाफ देऊन जुनं करतो. म्हणून शहाणा गिऱ्हाईक पट्टी सगळ्यांत शेवटी बघतो. आधी तळाच्या पत्र्याचे दोन पाय. खऱ्या जुन्या पत्र्यावर ठशाची इंग्रजी एल अक्षरासारखी खूण उमटलेली असते. मग बॉबिनच्या माथ्यावरचं चौकोनी भोक आणि त्याच्याभोवतीची गोल कड. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून बॉबिनच्या माथ्यावर ठळक ‘टी’ येऊ लागला. असा टी दिसला की पट्टी काहीही म्हणो, तो पीएएफ नव्हे.

तारेचा रंग तर फार बोलका. पीएएफमधली तार साध्या इनॅमलचा लेप दिलेली, जांभळट तपकिरी दिसणारी. साठच्या दशकाच्या मध्यात पॉलियुरेथेनचा लेप आला आणि तार उजळ, नारिंगी तांबूस झाली. चुंबकही बदलले. १९६१ च्या सुमारास लांब चुंबकांच्या जागी आखूड चुंबक आले. त्याआधी अल्निकोच्या दोन नंबरपासून पाच नंबरपर्यंत जो हाताशी असेल तो टाकला जायचा. अल्निको म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला मिश्रधातू. त्याचा उगम अमेरिकेत नव्हे, जपानमध्ये. टोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्ये ज्या मिश्रधातूचा शोध लावला, त्यातून ही सगळी मंडळी जन्मली.

आणि वेढे? तेही मोजूनमापून नसत. दोन्ही कॉइलना सुमारे पाच-पाच हजार वेढे द्यायचे असा नियम, पण यंत्रावर बसलेला माणूस बॉबिन भरली असं वाटलं की थांबे. त्यामुळे एका पिकअपचा विद्युतरोध ७ किलोओम तर दुसऱ्याचा ९ किलोओम. एकाच पिकअपमधल्या दोन कॉइलही सारख्या नसत. त्या सारख्या नसल्या की ‘घूं’ पुरता खोडला जात नाही, पण वरच्या पट्टीत एक चमक, एक धार येते. पुढे यंत्रं सुधारली, वेढे नेमके झाले, टी-टॉप पिकअप एकमेकांसारखे निघू लागले. ते उत्तम आहेत, भरवशाचे आहेत आणि भावात पीएएफच्या पासंगालाही पुरत नाहीत.

नागपूरचा मे महिना आणि मल्टिमीटर

पिकअप विकणारा हटकून सांगतो, ‘८.८ किलोओम आहे, दणदणीत!’ त्याला विचारा, कोणत्या ऋतूत मोजलं? तांब्याचा विद्युतरोध दर अंश सेल्सिअसला जवळपास ०.४ टक्क्यानं वाढतो. २० अंशाला ८ किलोओम दाखवणारा पिकअप नागपुरात मे महिन्यात ४५ अंशाला मोजला तर मीटर ८.८ च्या जवळ जाईल. तोच महाबळेश्वरला जानेवारीच्या पहाटे १० अंशाला मोजला तर ७.७. पिकअप तोच आणि आवाजही तोच! म्हणून रोधाच्या आकड्याबरोबर तापमान लिहून ठेवावं आणि जमल्यास इंडक्टन्स मोजावा. पीएएफ चार हेन्रीच्या आसपास, जुना स्ट्रॅट सव्वादोन-अडीचच्या आसपास. आवाजाचा अंदाज या आकड्यावरून जास्त नीट येतो.

मीटरनं काहीच दाखवलं नाही तर कॉइलची तार कुठेतरी तुटली किंवा सुटली आहे. समुद्रकाठच्या, मुंबई-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत हे जास्त घडतं. अल्निकोत लोखंड असतं, ते गंजतं आणि फेंडरच्या पिकअपमध्ये चुंबकाला चिकटूनच तार गुंडाळलेली असल्यानं गंज आतल्या वेढ्यांना खातो.

काळी पाठ, करडी पाठ

लिओ फेंडरची रीत वेगळीच. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. प्लॅस्टिकच्या बॉबिनचा खर्च त्यानं टाळला. दाबलेल्या फायबरच्या दोन पट्ट्या घेतल्या, त्यांत सहा दंडगोल चुंबक ठोकून बसवले आणि त्यांच्याभोवतीच तार गुंडाळली. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरवर असे तीन पिकअप होते. चुंबकांची उंची कमीजास्त ठेवलेली, कारण त्या काळी तिसरी तारही गुंडाळलेली, जाड असे आणि तिचा आवाज कमी पडे. आज ती तार साधी असते, म्हणून अस्सल जुन्या स्ट्रॅटवर तिसरी तार इतरांपेक्षा मोठ्यानं वाजते. कित्येक वादकांना तेच आवडतं.

तळाची पट्टी १९६४ च्या सुमारापर्यंत काळी, नंतर करडी. तारही त्याच सुमारास बदलली. सोनेरी मधाळ झाक असलेली फॉर्मव्हार लेपाची तार जाऊन जांभळट तपकिरी इनॅमलची आली. म्हणजे तळ आणि तार, दोघांची साक्ष जुळली पाहिजे. काळ्या तळावर इनॅमलची तार दिसली तर एक तर तो अगदी बदलाच्या उंबरठ्यावरचा तुकडा आहे किंवा कुणीतरी रिवाइंड केलेला. आणि रिवाइंड केलेल्या पिकअपची किंमत जोरात घसरते, काम कितीही सुबक असलं तरी.

करड्या तळावर अनेकदा हातानं लिहिलेली तारीख आणि आद्याक्षरं मिळतात. ही सही करणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या. त्यांच्यातलं सर्वांत गाजलेलं नाव अबिगेल इबारा. १९५६ मध्ये त्या फेंडरमध्ये लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त झाल्या. बोटांत तार धरून, ती वरखाली सरकवत, ताण सांभाळत त्या कॉइल भरायच्या. हातानं भरलेल्या कॉइलमध्ये वेढे एकमेकांवर विखुरले जातात, यंत्रासारखे शिस्तीत बसत नाहीत आणि त्यानं आवाज मोकळा होतो असं कारागीर सांगतात. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत त्यांच्या हातच्या नव्या पिकअपसाठीही लोक रांग लावून थांबत. गिटारवादकांची नावं आपल्याला तोंडपाठ असतात. हे नावही तितक्याच आदरानं घेतलं पाहिजे, कारण त्या वादकांचा आवाज आधी या बाईंच्या बोटांतून गेलेला आहे.

लिपस्टिकच्या डबीतला सूर

डॅनइलेक्ट्रो कंपनीच्या नेथन डॅनियलला स्वस्तात गिटारी बनवायच्या होत्या, सिअर्स कंपनीच्या दुकानांतून विकायला. पिकअपला झाकण म्हणून त्यानं चक्क लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या विकत घेतल्या. आत एक चुंबक आणि तार, वर चकचकीत नळी. स्वस्त म्हणून हिणवलेल्या या पिकअपचा खणखणीत, काचेसारखा स्वच्छ आवाज पुढे इतका आवडला की ‘लिपस्टिक पिकअप’ ही एक जातच झाली.

राय कूडरनं भाव चढवला

साठच्या दशकातल्या जपानी टीस्को गिटारी एके काळी अडगळीत पडलेल्या असत. मग राय कूडर या स्लाइडच्या बादशहानं आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये टीस्कोचा सोनेरी जाळीचा ‘गोल्ड फॉइल’ पिकअप बसवला, ब्रिजपाशी जुन्या लॅप स्टील गिटारमधला एक आणि या गिटारला नाव पडलं ‘कूडरकास्टर’. लोकांनी तो आवाज ऐकला आणि अडगळीतल्या टीस्को भराभर विकल्या गेल्या. विश्वमोहन भट्ट यांच्याबरोबरच्या अल्बमसाठी ज्याला ग्रॅमी मिळालं, तोच हा राय कूडर. आपल्याकडच्या अनेकांना तो त्या जुगलबंदीमुळेच माहीत आहे.

एक सावधगिरीची सूचना. गोल्ड फॉइल हे एकाच कंपनीचं नाव नव्हे. अमेरिकेत डीआर्मंड कंपनीनंही हार्मनीच्या गिटारींसाठी सोनेरी पत्रा लावलेले पिकअप बनवले. दोन्हींची बांधणी आणि आवाज दोन्ही निराळे. नुसतं ‘गोल्ड फॉइल’ म्हणून विकणाऱ्याला ‘कुणाचा?’ हा पहिला प्रश्न विचारावा.

पाचगणीचा मित्र आणि अराल्डाइट

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. त्याच्या क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे यानं किशोरवयात वडिलांबरोबर स्वतःची गिटार घरी बनवली, जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून. पिकअपही त्यानं आधी घरीच बनवले होते. पण चुंबकांचे ध्रुव असे बसले होते की तार बाजूला ओढली की विचित्र आवाज यायचा. मग त्यानं बर्न्स कंपनीचे तीन ‘ट्राय-सॉनिक’ पिकअप घेतले आणि आतली कॉइल थरथरून शिट्टी वाजू नये म्हणून त्यांत अराल्डाइट ओतलं! आज साठच्या दशकातले ट्राय-सॉनिक मागणीत आहेत ते या एका गिटारमुळे.

शिट्टीवरचा दुसरा प्रसिद्ध उपाय एडी व्हॅन हेलनचा. जुन्या गिब्सनमधून काढलेला पीएएफ त्यानं वितळलेल्या मेणात बुडवला. गिब्सन पीएएफला मेण देत नसे, म्हणून मोठ्या आवाजात ते किंचाळतात. मेणाचं तापमान चुकलं की बॉबिन वितळते, आणि असे काही पिकअप त्यानं वाया घालवले. ज्या वस्तू आज काचेच्या कपाटात ठेवतात, त्या तेव्हा स्टोव्हवर जात होत्या.

उलटा चुंबक, अमर आवाज

फ्लीटवुड मॅकच्या पीटर ग्रीनकडे १९५९ ची लेस पॉल होती. तिच्या मानेकडच्या पिकअपमधला चुंबक उलटा बसला होता. दोन्ही पिकअप एकत्र लावले की सूर एकमेकांना अर्धवट खोडत आणि एक नाकातला, पोकळ, काळजाला भिडणारा आवाज येई. कुणी तज्ज्ञानं हे ‘दुरुस्त’ केलं असतं तर ब्लूजचा एक आख्खा रंग गेला असता. ही गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली आणि आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. तुमच्याकडच्या जुन्या गिटारमध्ये असं काही ऐकू आलं तर होकायंत्र पिकअपवर धरून बघा. सुई एकावर एकीकडे आणि दुसऱ्यावर उलटीकडे फिरली, तर ती खूण टिपून ठेवा आणि तसंच राहू द्या.

भांड्यावरचे आकडे

गिटारच्या आवाजाचं बटण फिरवतो, त्याखाली एक डबी असते, ‘पॉट’. तिच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. त्यापुढे वर्ष आणि आठवडा. १३७६६३३ म्हणजे सीटीएस, १९६६ चा तेहतिसावा आठवडा. पिकअप १९६३ चा सांगितला आणि पॉट १९६६ चा निघाला तर प्रश्न विचारायला जागा आहे. पॉट जुने असून चालतं, कारण कारखान्यात माल महिनोन्‌महिने पडून असे. गिटारपेक्षा नवा पॉट मात्र कधीतरी बदलल्याची साक्ष देतो.

सुट्या भागांचा बाजार

जुन्या पिकअपच्या या हौसेची एक बाजू मला खरंच खुपते. गिब्सननं पहिले पीएएफ १९५६ मध्ये स्टील गिटारींवर बसवले होते. त्या गिटारी फारशा महाग नव्हत्या, म्हणून विक्रेते त्या घेत, पिकअप काढून विकत आणि उरलेलं वाद्य टाकून देत. एकेक करून चांगली वाद्यं अशी संपली. पिकअपची खरी किंमत तो ज्या गिटारमध्ये बसला होता तिथंच, त्याच्या मूळ तारेसह, मूळ सोल्डरसह सर्वांत जास्त असते. कर्ट कोबेनची १९५९ ची मार्टिन डी-१८ई २०२० मध्ये लिलावात ६० लाख डॉलरला गेली, तेव्हाचा जागतिक विक्रम. तिच्यात कारखान्यातूनच बसवलेले डीआर्मंड पिकअप होते. त्यांची अकूस्टिक गिटारवर मुळीच वाखाणणी होत नसे, म्हणून कोबेननं आणखी एक पिकअप लावला, पण मूळचे काढले नाहीत.

तेव्हा माळ्यावर एखादी जुनी जपानी किंवा अमेरिकन गिटार पडली असेल तर आधी फोटो काढा, मग स्क्रू फिरवा. तारांचा रंग, तळाचा रंग, सोल्डरची ठिकाणं, सगळं फोटोत येऊ द्या. झाकण उचकटू नका, सोल्डर तोडू नका. मीटरवर पिकअप मेलेला निघाला तरी फेकू नका. बरेचदा तार आत तुटलेली नसते, फक्त बाहेरचं टोक जोडाजवळ सुटलेलं असतं. भिंग लावून बसणारा चांगला कारागीर ते टोक शोधतो, एक टाका देतो, आणि साठ वर्षांपूर्वी भरलेली तीच मूळ कॉइल पुन्हा वाजू लागते.